चारी दिवे लागले की सरळ पुढे

आमच्या मेहुण्याचं लग्न ठरल्या मुहूर्तावर लागलं, याचं श्रेय माझं आहे. ते लागतं की नाही अशी वेळ आली, याचंही श्रेय माझंच. पण ते मी सहसा कुणाला सांगत नाही.

मी निपाणीत अठरा वर्षं दहावीला विज्ञान शिकवतो. विद्युतधारेचा धडा तर असा शिकवतो की शेवटच्या बाकावरची मुलंसुद्धा जागी राहतात (निदान फळ्यावर बल्ब काढून होईपर्यंत). त्यामुळे आमच्या जुन्या गाडीच्या इंडिकेटरचे मरगळलेले बल्ब मला बरेच दिवस खुपत होते. गाडी मूळची सासऱ्यांची, म्हणजे आप्पांची. ती त्यांनी मनसोक्त वापरून मग आम्हाला दिली. इंडिकेटर दिला की तो 'लागू का नको' असा विचार करत लागायचा.

त्यात संतोषचं, माझ्या मेहुण्याचं, लग्न आलं. मुलगी बेळगावकडची. आमच्यात वऱ्हाड निघालं की थोरल्या जावयाची गाडी सगळ्यात पुढं असते. तो मान आहे. तिच्यामागं नवरदेवाची गाडी, मग भावकीचा टेम्पो आणि शेवटी बस. पुढची गाडी जिकडं वळेल तिकडं सगळ्यांनी मुकाट वळायचं. एवढ्या जबाबदारीला असले बल्ब शोभत नाहीत, म्हणून आदल्या रविवारी मी चारी बल्ब काढून एलईडी बसवायला घेतले.

आप्पा त्या दिवशी आमच्याकडेच होते. खुर्ची अंगणात आणून ते माझ्याकडे बघत बसले.

"पाव्हणं, चालतंय ते कशाला उसकटायलाय?"

"आप्पा, एलईडीला करंट कमी लागतो आणि उजेड जास्त पडतो."

"उजेड लई पडला म्हंजे गाडी चांगली वळती व्हय?"

या प्रश्नाला दहावीच्या पुस्तकात उत्तर नाही. मी डिकीत डोकं घातलं. तासाभरात माझी दोन बोटं सोलली, एक स्क्रू बंपरच्या पोटात गेला (तो अजून तिथंच आहे, वळणावर खुळखुळतो) आणि चारी एलईडी बसले. मग मी स्टेअरिंगवर बसलो आणि बायकोला, सुरेखाला, मागं उभं केलं.

"डावा लागला?"

"लागला."

"उजवा?"

"लागला. अहो, पण हे असं फडफडतंय का?"

खरंच, दिवे पूर्वीच्या दुप्पट वेगानं लुकलुकत होते. "एलईडी चपळ असतो," मी सांगितलं. डावा दिल्यावर उजव्या बाजूला काय चाललंय हे ना मी विचारलं, ना तिनं सांगितलं. वर्गात प्रयोग करताना कुणी एवढंच निरीक्षण लिहिलं असतं, तर मी वही फेकून दिली असती.

लग्नाच्या दिवशी सकाळी फेटे बांधून वऱ्हाड निघालं. अक्षता बारा पस्तीसला. ती वेळ टळली तर पुढचा मुहूर्त थेट संध्याकाळी, असं मुलीकडच्यांनी तीन वेळा बजावलं होतं. माझ्या गाडीत शेजारी आप्पा, मागं सुरेखा आणि तिच्या मांडीवर मंगळसूत्राचा डबा. संतोषच्या जोधपुरीला खिसाच नव्हता, म्हणून त्याचा फोनही तिच्याच पर्समध्ये. त्याची गाडी त्याचा मित्र महादेव चालवत होता. कार्यालय माझ्याशिवाय कुणीच बघितलं नव्हतं, आणि मला त्याचा अभिमान होता.

आता एक नाजूक बाब. आप्पांना साखर आहे. तवंदीचा घाट ओलांडतोय तोच त्यांनी माझ्या गुडघ्याला हात लावला. मी नियमानं चारी दिवे लावून गाडी कडेला घेतली. तर माझ्यामागं महादेव थांबला, टेम्पो थांबला, बस थांबली! आप्पा बाभळीआड गेले आणि साठ माणसं खिडक्यांतून काळजीनं बाभळीकडे बघत राहिली. बसमधून आत्ती, म्हणजे आप्पांची बहीण, खाली उतरून ओरडली, "दादा, बरं हाय न्हवं?"

आप्पा तसेच परत आले. काम झालं नव्हतं.

"माझ्यापायी आख्खं वऱ्हाड हुबं करतासा? असं साठ माणसांम्होरं कसं व्हईल माणसाला?" असं म्हणून ते तडक महादेवाकडे गेले. "हे बघ, ह्या गाडीचं चारी दिवं लागलं की थांबायचं न्हाय. सरळ म्होरं सुटायचं. आम्ही येताव मागनं. टेम्पोला सांग, बसला सांग."

संकेश्वरजवळ पुन्हा गुडघ्याला हात लागला. मी चारी दिवे लावले आणि काय ती शिस्त! नवरदेव, टेम्पो, बस, सगळे मान दुसरीकडे वळवून आमच्या शेजारून निघून गेले. आप्पा मोकळे होऊन हसत आले. पुढं पाच मिनिटांत मी सगळ्यांना गाठलं आणि पुन्हा पहिल्या नंबरावर आलो.

बेळगाव बारा-तेरा किलोमीटर राहिलं तसा कार्यालयाचा फाटा दिसू लागला. मी वेग कमी केला, गाडी डावीकडे घेतली आणि शानमध्ये डावा इंडिकेटर दिला.

महादेव हॉर्न वाजवत आमच्या शेजारून गेला. मागच्या काचेतून संतोषनं हात केला. टेम्पो गेला. बस गेली, आणि बसच्या खिडकीतली आत्ती मान दुसरीकडे वळवून बसली होती.

"ही कुठं निघाली?" आप्पांनी विचारलं.

"पुढं जागा बघून वळतील," मी म्हणालो. इतक्या आत्मविश्वासानं मी ओहमचा नियमसुद्धा कधी सांगितलेला नाही.

कार्यालयाच्या दारात आमची गाडी दिसताच बँड सुरू झाला. सुवासिनी ताट घेऊन पुढं आल्या. मी दार उघडून फेट्यासह उतरलो, तर एका घाईच्या काकूंनी मला कुंकू लावून ओवाळायला सुरुवात केली. मागून कुणीतरी म्हणालं, "नवरदेव जरा थोराड वाटाय लागलाय की गं." सुरेखानं मला हाताला धरून बाजूला ओढलं.

मुलीच्या वडिलांनी रिकाम्या रस्त्याकडे बघितलं. "नवरदेव?"

"मागनं येत आहेत."

"मागं तर कोण न्हाय."

दहा मिनिटं झाली. बँडवाले तीच चाल परत वाजवून दमले. संतोषला फोन लावला, तर सुरेखाची पर्स वाजली. महादेवाला लावला, तो उचलेना. घड्याळ अकरा चाळीसच्या पुढं गेलं. मुलगी आत नटून बसलेली, तिचे वडील मांडवात येरझाऱ्या घालतायत आणि भटजी दर दोन मिनिटांनी मनगट वर करून बघतायत. मला खरंच भीती वाटली. शेवटी आत्तीनं फोन उचलला.

"आम्ही बेळगावात किल्ला तलावाजवळ हाय न्हवं. च्या घ्यायलाव. दादाचं आटपलं का न्हाय अजून?"

"आत्ती, तुम्ही वळला का नाही?"

"चारी दिवं लागलंतं की! सरळ म्होरं जावा म्हणून दादानंच सांगितलंतं. लई येळ लागला बाई ह्या खेपंला."

मी आप्पांकडे बघितलं. आप्पांनी माझ्याकडे बघितलं. मग ते परत गाडीत जाऊन बसले.

डबा घेऊन सुरेखा कार्यालयातच थांबली. आम्ही दोघं बेळगावात शिरलो तेव्हा बारा वाजायला पाच मिनिटं होती. वऱ्हाड तलावाकाठी निवांत चहा घेत होतं. संतोष मुंडावळ्या कानामागं सारून भजी खात होता. बसचा ड्रायव्हर हुक्केरीकडचा, मुरलेला माणूस. त्यानं मला इंडिकेटर द्यायला लावला आणि गाडीभोवती एक फेरी मारली.

"सर, डावं दिलं तर उजवं पण लागायलंय की. उजवं दिलं तरी चारी." मग आत डोकावून म्हणाला, "तुमच्या डॅशबोर्डावर दोन्ही बाजूंना मिळून एकच बारका दिवा हाय. त्यातनं जरासा करंट पलीकडं जातोय. जुना बल्ब तेवढ्यावर पेटत नव्हता. एलईडीला तेवढा बास होतोय."

'एलईडीला करंट कमी लागतो' हे माझंच वाक्य. आप्पा शेजारीच उभे होते. त्यांनी घसा खाकरला, तेवढंच.

आता दुरुस्तीला वेळ नव्हता. मी जाहीर केलं, "दिव्यांकडं कुणी बघायचं नाही. उजवीकडं वळायचं असलं तर मी हात बाहेर काढीन. डावीकडं असलं तर आप्पा काढतील."

"आणि दादाला उतरायचं असलं तर?" आत्ती.

"ह्या खेपंला मी उतरत न्हाय," आप्पा म्हणाले. नवरदेवाचे वडील आपल्या देहाविषयी इतक्या निर्धारानं बोललेले मी पहिल्यांदाच ऐकले.

आणि निघालो! अशोक चौकात आप्पांनी उपरण्यासकट डावा हात बाहेर काढला आणि चार वाहनं एका रेषेत वळली. हायवेला लागलो. मी गाडी अशी पिटाळली की बंपरमधला स्क्रूसुद्धा खुळखुळायचा थांबला. बारा वीसला फाटा आला. येताना तो पलीकडच्या अंगाला होता. हायवेवरून खाली उतरून पुलाखालून उजवीकडे वळायचं होतं. मी खाली उतरलो, उजवा हात बाहेर काढला, आणि इतक्या वर्षांची सवय, डाव्या हातानं इंडिकेटरही दिला.

मागं महादेवाचा वेग वाढल्याचं आरशात दिसलं. चारी दिवे बघून गडी परत सरळ निघाला होता.

"थांबवा गाडी," आप्पा म्हणाले. मी ब्रेक दाबायच्या आत त्यांनी दार उघडलं होतं. सत्तरीचा माणूस, डोक्याला भगवा फेटा, पायांत कोल्हापुरी, सर्व्हिस रोडच्या मधोमध जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पसरून त्यानं पोराचीच गाडी अडवली. महादेवानं करकचून ब्रेक दाबला.

"आप्पा, तुम्हीच म्हणालतासा की..."

"आता मीच सांगतोय. उजवीकडं वळ."

महादेव वळला. आप्पांनी टेम्पोला हात केला, तो वळला. बसला हात केला, ती वळली. ऊस भरून आलेला एक परका ट्रॅक्टरही त्यांच्या हाताला मान देऊन वळला. त्याला बहुधा तिकडं जायचंच नव्हतं. शेवटी आप्पा वळून थांबलेल्या बसच्या पायरीवर चढले आणि दांड्याला धरून उभे राहिले.

बारा अठ्ठावीसला आम्ही दारात होतो. बँडनं या वेळी जीव तोडून वाजवलं. काकूंनी योग्य माणसाला ओवाळलं. आणि बरोबर बारा पस्तीसला अक्षता पडल्या, एक मिनिट इकडं नाही की तिकडं नाही. मला इतका आनंद झाला की मी आजूबाजूच्या अनोळखी लोकांनाही मिठ्या मारल्या.

मुलीच्या वडिलांना आतली गोष्ट ठाऊक नव्हती. त्यांना एवढंच दिसलं, की नवरदेव चुकला आणि थोरल्या जावयानं जीवाचं रान करून त्याला शोधून आणलं. त्यांनी माईकवरून तसं सांगितलं, मला स्टेजवर बोलावलं, शाल घातली, नारळ दिला. टाळ्या झाल्या. मी त्या नम्रतेनं घेतल्या. मग आप्पांच्या पाया पडायला वाकलो, तर ते हळूच म्हणाले, "हरवला कुणी, ते बी सांगू काय माईकवर?"

"नको आप्पा."

"मग जेवायच्या आदी काढा ते बल्ब." असं म्हणून त्यांनी खिशातून कागदाची पुडी काढली. आत माझे चारी जुने बल्ब होते. "असूंदे म्हटलं जवळ."

मी कार्यालयाच्या मागं गेलो आणि अंगावरच्या शालीसकट, डोक्यावरच्या फेट्यासकट, तोंडात स्क्रू धरून गाडीमागं उकिडवा बसलो. तेवढ्यात फोटोग्राफरनं मागून फोटो काढला. पुढं तो अल्बमात आला, आणि नव्या सुनेच्या मावशी पहिल्यांदा घरी आल्या तेव्हा माझ्या शेजारी बसून त्यांनी तो बराच वेळ बघितला.

"तुमच्याकडची माणसं लई मोठ्या मनाची बघा," त्या मला म्हणाल्या, "एवढ्या गडबडीत कार्यालयातल्या वायरमनलासुद्धा शाल घातलीसा."