मगर कुणी मारली

फोटोत मगर मोठी दिसायला हवी असेल तर माणसाने तिच्या मागे चांगलं हातभर अंतर ठेवून बसायचं आणि कॅमेरा जमिनीलगत धरायचा. आमच्या खाडीवर हे पोरासोरांनाही माहीत आहे. आधी दोन बादल्या पाणी ओतून रक्त धुवायचं, मग शेपूट वळवून घ्यायची, म्हणजे सगळी लांबी एका चौकटीत मावते. क्लोविस डार्डारचे असे बावीस फोटो आहेत. बावीसही फोटोंत तो मागे बसलेला आहे, डोक्यावर धुतलेली टोपी. त्याची बायको एर्लिन एकाही फोटोत नाही, कारण ती समोर चिखलात पालथी पडून कॅमेरा धरत असे.

एर्लिन आता सत्तरीला आली. आख्खी खाडी तिला टांट म्हणते, म्हणजे मावशी, आणि क्लोविसला नोंक, म्हणजे काका. खरी भाची मात्र तिला एकच आहे. एर्लिनच्या बापाला चार मुलीच होत्या, त्यामुळे तिसरीच्या, म्हणजे हिच्या हातात त्याने बंदूक दिली. एकोणिसाव्या वर्षी क्लोविसशी लग्न झालं. उन्हाळाभर कोळंबी, थंडीत बदकं, उरलेल्या दिवसांत शाळेच्या स्वयंपाकघरात दोनशे मुलांचा भात, असं तिचं वर्ष जायचं. आणि सप्टेंबरात मगरी.

आदल्या दिवशी कोंबडीचे वास मारणारे तुकडे मोठ्या गळाला लावून पाण्यावर हातभर उंच टांगायचे. सकाळी होडी घेऊन फिरायचं. दोरी पाण्यात गेलेली दिसली की तिच्या टोकाला मगर आहे. मग एकाने ओढायचं आणि डोकं वर आलं की दुसऱ्याने डोळ्यांमागच्या नाण्याएवढ्या जागी गोळी घालायची. क्लोविसचे दंड खांबासारखे, पण बंदूक धरली की हात डुलायचा. एर्लिनचा हात हलायचा नाही. म्हणून तो ओढायचा आणि ती मारायची. परवाना त्याच्या नावावर, तिचं नाव खालच्या ओळीत, मदतनीस म्हणून. यात दोघांनाही काही वेगळं वाटत नसे. पाहुण्यांसाठी गंबोचा रस्सा तो ढवळायचा आणि मीठ ती घालायची, तसंच हे. कुणी विचारलं तर दोघं म्हणत, "आम्ही मारली."

फक्त एका मगरीच्या बाबतीत क्लोविस "मी" म्हणाला. तेरा फूट दोन इंच. खाडीत एवढी मोठी त्याआधी नाही आणि नंतरही नाही.

ती गोष्ट आम्ही प्रत्येक लग्नात, प्रत्येक नाताळात ऐकली. दोरी पायाला गुंडाळली गेली, होडी कलली, बायको किंचाळली, आणि क्लोविसने एका हाताने दोरी धरून दुसऱ्या हाताने एका गोळीत काम संपवलं. गोष्ट सुरू झाली की एर्लिन उठून आत जायची आणि धुतलेली ताटं पुन्हा धुवायची. ताटांचा आवाज जरा मोठा यायचा. आम्हाला वाटायचं, ऐकून ऐकून कंटाळली असेल.

दोन हिवाळ्यांपूर्वी क्लोविसला झटका आला. उजवी बाजू गेली, जीभ जड झाली. बोलायला शिकवणारी मुलगी घरी यायची. ती म्हणाली, काहीही सांगा, तुम्हाला आवडेल ते. त्याने मगरीची गोष्ट सांगितली. पाऊण तास लागला, पण पुरी केली. त्या दिवशी एर्लिन आत गेली नाही. शेजारी बसून त्याच्या हनुवटीवरची लाळ पुसत राहिली.

यंदा चर्चच्या हॉलला नवा रंग दिला तेव्हा कमिटीच्या नॉरिसच्या डोक्यात आलं की एका भिंतीवर जुन्या शिकाऱ्यांचे फोटो लावावेत. पहिला मान क्लोविसच्या त्या मोठ्या मगरीसोबतच्या फोटोला. दाराएवढा मोठा करायचा, खाली पाटी, जत्रेच्या रविवारी उद्घाटन. पाटीचा मजकूर लिहायचं काम शेल्बीकडे आलं. शेल्बी ही एर्लिन-क्लोविसची नात, शहरात नर्स आहे, रजा काढून आली होती. स्वयंपाकघरात ती फोनवर लिहिलेला मजकूर वाचत होती आणि एर्लिन कोळंबी सोलत होती.

"ऐक, मॉमॉ. 'सप्टेंबर एकोणीसशे चौऱ्याण्णव. क्लोविस डार्डार यांनी एका गोळीत...'"

"दोन," एर्लिन म्हणाली.

"काय दोन?"

"गोळ्या दोन लागल्या."

"पॉपॉ तर एक म्हणतात. जन्मभर एकच म्हणत आलेत."

"त्याला मोजायचं भान कुठे होतं! तो दोरी धरून पाठमोरा होता." शेल्बीने फोन खाली ठेवला.

"मॉमॉ. गोळी कुणी घातली?"

"कोळंबी सोल, नुसती बसू नकोस."

"कुणी घातली?"

"पहिली मी चुकवली. दुसरी बसली."

शेल्बी उभी राहिली. "तीस वर्षं! आणि तू ताटं धूत बसलीस?"

"ओढली त्यानेच ना. माझ्याच्याने ती मगर इंचभर हलली नसती."

"तू त्यांची बाजू घेतेयस की तुझी?"

"मला माहीत नाही गं," एर्लिन म्हणाली, आणि ते खरंच होतं.

आपलं नाव कधी लागलं नाही याचा तिला राग होता. तो राग जुना होता, घरातला होता, रोज हाताखालून जाणारा होता. पण त्या मगरीच्या खाली आपलं नाव लागावं असं वाटतं का, हे तिने स्वतःला विचारलं की उत्तर दर वेळी निराळं यायचं. ती मगर तिच्या ओळखीची होती. घरामागे पाण्यावर एक फळी होती, तिथे एर्लिन मासे साफ करायची. अकरा वर्षं ती मगर दुपार कलली की फळीपाशी यायची आणि एर्लिन तिला माशांची डोकी टाकायची. तिने तिला नाव वगैरे दिलं नव्हतं. पण हाकलायला हवं होतं, ते तिने केलं नाही. माणसाच्या हातचं खाल्लेली मगर माणसाला भीत नाही, आणि मग एक दिवस तिला मारावंच लागतं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. त्या वर्षी मगरीने शेजाऱ्यांचा कुत्रा नेला. त्यांची मुलं त्याच पाण्यात पोहायची. क्लोविसने फळीजवळच गळ टांगला.

सकाळी दोरी ओढली तेव्हा मगर झुंजली नाही. नेहमी डोकी खायला यायची तशी वर आली, एर्लिनच्या बाजूला. त्या दिवशी पहिल्यांदा तिचा हात हलला.

"म्हणजे तुला नाव नकोय," शेल्बी म्हणाली.

"असं कुठे म्हटलं मी?"

"मग हवंय."

"तसंही नाही म्हटलं. आणि त्याच्याकडे बघ. त्याच्याकडे आता दुसरं आहे काय? उजवा हात चमचा धरत नाही. ही एक गोष्ट आहे."

"पण मॉमॉ, ती त्यांची नाहीये!"

गुरुवारी मजकूर द्यायचा होता. बुधवारी सकाळी क्लोविसची दाढी करताना एर्लिनने विचारून टाकलं. गालाला फेस लावलेला माणूस उठून जाऊ शकत नाही. तो तसाही जाऊ शकत नव्हता.

"क्लोविस, ती मोठी मगर कुणी मारली?"

"कुठली?"

"नाटकं करू नकोस."

"तू," तो म्हणाला. इतक्या पटकन, की वस्तरा तिच्या हातात तसाच राहिला.

"मग तीस वर्षं मी मी काय करत होतास?"

"तूच... म्हणालीस."

"मी? काय म्हणाले मी?"

"होडीत. ओकलीस. मग म्हणालीस... माझं नाव... सांगू नको."

"मी एक शब्द बोलले नाही. दोन दिवस बोलले नाही."

"बोललीस."

"नाही बोलले, क्लोविस."

"बरं." त्याने श्वास घेतला. शब्द गोळा करायला त्याला वेळ लागतो. "धक्क्यावर लोक आले. विचारलं, कुणी... मारली. तू बुटांकडे... बघत होतीस. मी म्हटलं, मी. घेतली... अंगावर."

"अंगावर घेतलीस! आणि मजा? ती कुणी घेतली?"

त्याचं अर्धं तोंड हसलं. "मीच. नंतर. खूप... मजा आली."

तिला हसू आलं आणि संतापही आला. तिने त्याची हनुवटी वर केली आणि गळ्यावरून वस्तरा फिरवला.

"शेल्बी म्हणते, माझं नाव लावायला हवं."

"लाव."

"तुला वाईट वाटेल."

"लाव ना. दोघांचं." आणि त्याने डोळे मिटले. तो दुखावला का, हे तिला कळेना. चेहऱ्याची जी बाजू अजून हलते ती भिंतीकडे होती.

तिने फेस पुसला, हात धुतले आणि नॉरिसला फोन केला.

"दोन नावं?" नॉरिस म्हणाला. "पण टांट, फोटोत तर नोंक एकटेच आहेत. तुम्ही होडी चालवायचात, ना?"

"होडीही मीच चालवायचे. तू लिहून घे. दोरी, क्लोविस डार्डार. गोळी, एर्लिन डार्डार."

मग नॉरिस म्हणाला, "माझ्या बापाने या गोष्टीवर तुमच्या नवऱ्याला किती बिअर पाजल्या असतील, कल्पना आहे तुम्हाला?"

"मला विचारायचं होतं त्याने. मलाही बिअर आवडते."

रविवारी प्रार्थनेनंतर सगळे हॉलमध्ये लोटले. एकीकडे भाताची पातेली, मगरीचा तिखट रस्सा, केक, दुसरीकडे भिंत. पाटी वाचून आधी कुजबुज झाली, मग हसू फुटलं, मग बायका एर्लिनच्या गळ्यात पडू लागल्या. माझी जाऊ मोठ्याने म्हणाली, "आता आमच्या घरची हरणं कोण मारतं तेही लिहा म्हणावं!" नॉरिस क्लोविसच्या चाकाच्या खुर्चीपाशी वाकून म्हणाला, "काय नोंक, तीस वर्षं फुकट प्यायलात की!" क्लोविस हसला. सगळ्यांपेक्षा थोडा उशिरा हसला. त्याच्या मांडीवर रश्शाचं ताट होतं आणि त्यानंतर त्याच्याशी फारसं कुणी बोललं नाही. विचारणारे सगळे एर्लिनभोवती होते.

एका मुलीला एर्लिनचा फोटो हवा होता, त्या फोटोपुढे उभी राहून. एर्लिन उभी राहिली. "हात कुठे ठेवू?" तिने विचारलं. "कुठेही ठेवा, टांट, फक्त हसा." तिने हात आधी पोटावर ठेवले, मग मागे नेले. आपल्याला हसायचं आहे की नाही हे तिचं ठरेपर्यंत फोटो निघाला होता.

"आता सांगा ना कसं झालं ते," लोक म्हणाले. "पहिल्यापासून."

एर्लिनने सांगायला सुरुवात केली. आणि तिच्या तोंडून क्लोविसचीच गोष्ट निघाली. दोरी पायाला गुंडाळली गेली, असं ती म्हणाली. पाय कुणाचाच गुंडाळला गेला नव्हता. होडी कलली, असंही म्हणाली. तो जिथे थांबतो तिथेच ती थांबली, तो जिथे हात पसरतो तिथेच तिने पसरले, आणि लोक नेहमीच्या जागी हसले. माशांची डोकी, शेजाऱ्यांचा कुत्रा, यातलं काही आलंच नाही. ते कुठे घालायचं हे तिला कळलं नाही. त्या गोष्टीत त्याला जागाच नव्हती. गोळीपर्यंत ती पोहोचली आणि तिथे अडली.

"मग? मग काय झालं?"

तिने क्लोविसकडे पाहिलं.

क्लोविसने डाव्या हाताने घसा चोळला. लोकांनी वाट करून दिली. "मग," तो म्हणाला, "धक्क्यावर... मी म्हटलं, तू बस. मी फोटो... काढतो. ती म्हणाली, नको. तू बस. आणि..." शब्द सापडेना. सगळे थांबले. "आणि चांगलं... हस."

हॉल हसला. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. एर्लिनने मागे वळून दाराएवढ्या क्लोविसकडे पाहिलं. सगळे दात दिसत होते. तो क्षण तिला आठवेना. कॅमेऱ्याचं बटण आठवलं, कोपरांखालचा चिखल आठवला, आपण काही बोललो का ते आठवेना.

"खरंच असं म्हणालात तुम्ही?" नॉरिसने विचारलं.

"हो, तसंच झालं," ती म्हणाली, कारण सगळे तिच्याकडे बघत होते. मग खुर्चीपाशी जाऊन तिने क्लोविसच्या कानाशी तोंड नेलं. "मी असं म्हणाले होते?"

पण त्याने डाव्या हाताने चमचा उचलला होता आणि तो रस्सा खाण्यात गुंतला होता.