शमुवेल मास्तर हरवले नव्हते

शमुवेल मास्तर गेले तेव्हा खोलीत मी एकटा होतो. त्यांची बायको, आमच्या वैनी, पाणी गरम करायला आत गेल्या होत्या. दुपारचे बारा वाजले असतील. त्या घटकेला माझ्याशिवाय दुसरा साक्षीदार नाही, आणि आता दोन महिने होत आले तरी त्या घटकेनं माझा पिच्छा सोडलेला नाही. मास्तरांनी शेवटी काय केलं म्हणून जे सगळीकडे सांगितलं जातंय ते खोटं आहे. ते पहिल्यांदा बोलणारा मीच, म्हणून दुरुस्तीही मलाच करायला हवी. मास्तरांवर चांगलं लिहिणारे पुष्कळ निघतील. त्यांचे विद्यार्थी निम्म्या जिल्ह्यात आहेत. मी लिहितोय ते त्यांचं गुणगान नाही.

मी शेळ्या-मेंढ्यांचा व्यापारी. घाटनांदूर, सिरसाळा, जिथं बाजार असेल तिथं मी असतो. आमचं घर ख्रिस्ती, पण बाप दुसऱ्यांची जनावरं राखायचा, त्यामुळं शाळा मी बाहेरूनच पाहिली. तिशीपर्यंत अंगठा उठवत होतो. एकदा बाजारात न वाचता येणाऱ्या कागदावर अंगठा देऊन फसलो आणि त्याच तिरिमिरीत मास्तरांच्या दारात जाऊन उभा राहिलो. ते विज्ञान शिकवायचे. वडील पाळक, आणि मुलगा मात्र देव मानत नाही असं चारचौघांत सांगणारा. चर्चच्या वहीतून त्यांचं नाव कधीच कमी झालं होतं. त्यांनी बाराखडीचं पुस्तक पुढं केलं. मी म्हणालो, "पोरांच्या पुस्तकातून मी शिकणार न्हाई. शिकलो तर शास्त्रातून." ते हसले आणि आतून वडिलांचं बायबल घेऊन आले. "घे बे याकोब. तुला गिऱ्हाईक मी मिळालो, मला तू." एका नास्तिकानं मला शास्त्र वाचायला शिकवलं. आमच्या चर्चमध्ये हे कुणाला पचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही नाही. कारण एक ओळ वाचून झाली की ते दोन प्रश्न विचारायचे. पहिला, कळलं का? दुसरा, पटलं का? मला वाटायचं, कळलं की झालं. दुसऱ्या प्रश्नावर आमची पंचवीस वर्षं भांडणं झाली.

दर रविवारी उपासना सुटली की मी चर्चमधून थेट त्यांच्या ओसरीवर जायचो. मी पायरी चढायच्या आत ते विचारायचे, "आज काय विकलं पाळकानं?" मी चिडायचो. मला चिडवणं त्यांना औषधासारखं लागू पडायचं. सगळ्यात मोठी भांडणं झाली ती हरवलेल्या मेंढराच्या दृष्टांतावर. शंभर मेंढरं असलेला माणूस नव्याण्णव रानात सोडून एका हरवलेल्याच्या मागं जातो, ते सापडल्यावर खांद्यावर घेऊन घरी येतो, शेजारपाजाऱ्यांना बोलावून आनंद करतो. देव असा आहे, असं येशूनं सांगितलं. मास्तर म्हणायचे, "तू धंद्यातला माणूस. नव्याण्णव उघड्यावर टाकून तू गेला असतास का? लांडग्याला आवतण दिलं असतंस?" मी म्हणायचो, "मास्तर, तुमी कधी मेंढरं राखली न्हाईत. राखणारा एकटा नसतो. बाकीची दुसऱ्याच्या नजरेखाली टाकून जातो. येवढं सांगायला लागत न्हाई म्हणून लिवलं न्हाई." मी बाजी मारली असं मला वाटलं. पण पुढच्या रविवारी ते तयार होऊन बसले होते. "बरं, दुसऱ्याच्या नजरेखाली टाकली. आता सांग, सापडल्यावर मेंढराला कुणी विचारलं का, यायचंय का म्हणून? ते हरवलं असं मेंढपाळ म्हणतो. मेंढरू काय म्हणतं ते कुठं लिहिलंय? आणि खांद्यावर घेऊन नेतो ते शेवटी कुठं, याकोब? तुझ्याच बाजारात ना?"

मी उठून निघून आलो. तीन रविवार गेलो नाही. राग त्यांच्या बोलण्याचा नव्हता, ते माझ्या धंद्याचंच तोंड घेऊन बोलले याचा होता. चौथ्या रविवारी गेलो, तेव्हा तीन आठवडे शोधून ठेवलेलं उत्तर माझ्यापाशी होतं. कळप सुटलेलं मेंढरू भेदरलं की बसून राहतं. ओरडत नाही, उठत नाही, हाकलून चालत नाही. खांद्यावर घेतल्याशिवाय ते येतच नाही, हे माझ्या हाताखालून गेलेलं आहे. त्याला काय विचारणार? मास्तरांनी ऐकून घेतलं. "हे मला म्हाईत नव्हतं," असं म्हणाले. माझ्यापुढं त्यांनी तेवढी एकच गोष्ट मान्य केली. मग लगेच म्हणाले, "पण मी बसून राहिलेलो न्हाई. मी चाललोय. मला दिसतंय कुठं चाललोय ते."

आता त्या दुपारचं. त्यांची छाती कित्येक दिवस भरलेली होती. मी बाजारातून तसाच गेलो होतो. ते गेल्यावर वैनींनी रडणं आवरून एकच गोष्ट सांगितली, "भाऊजी, त्यांना सासऱ्यांच्या शेजारीच ठेवायचं." मास्तरही तसंच म्हणत आले होते. बापाशेजारी टाका, वाद घालायला कुणीतरी लागेल, प्रार्थनेची मात्र गरज नाही. पण ती जागा चर्चच्या दफनभूमीत. मी पाळकसाहेबांकडे गेलो. चर्चच्या कमिटीतली चार माणसं आधीच येऊन बसली होती. ऊन तापलेलं, घरात मढं, आणि हे लोक मास्तरांनी शास्त्राची कधी कशी टिंगल केली त्याची उजळणी करत होते. मी आवाज चढवला. त्यांच्या वडिलांनी याच भिंती उभ्या केल्या म्हणालो. कुणी हललं नाही. मग पाळकसाहेब मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "शेवटी तुम्ही होता ना जवळ? काही बोलले का ते? पश्चात्तापाचा एखादा शब्द... असेल तर माझे हात मोकळे होतात."

आमच्या बाजारात भाव तोंडानं होत नाही. रुमालाखाली हातात हात घालून बोटांवर होतो. कितीला ठरलं ते दोघांनाच कळतं, आणि एकदा हात सुटला की तो सौदा कुणी मोडत नाही, बाहेर बोलतही नाही. मोडणाऱ्याच्या हातात पुन्हा कुणी हात देत नाही. मी आजवर एकही मोडलेला नाही. समोरच्याला काय हवंय ते ओळखणं हीच माझी भाकरी, आणि पाळकसाहेबांना काय हवंय ते मला लख्ख दिसलं. मी म्हणालो, "झाला." ते म्हणाले, "तुम्ही साक्षी?" मी म्हणालो, "मी साक्षी," आणि हात पुढं केला. मला वाटलं, एका शब्दात जागा घेतली. इतका स्वस्त सौदा मी जन्मात केला नव्हता.

संध्याकाळी मास्तर वडिलांच्या शेजारी गेले. आणि पाळकसाहेबांनी खड्ड्याच्या कडेला उभं राहून कुठला दृष्टांत घ्यावा? हरवलेलं मेंढरू शेवटच्या घटकेला सापडलं, स्वर्गात आनंद झाला... मी मान खाली घालून उभा होतो. ज्या माणसानं पंचवीस वर्षं या गोष्टीशी झुंज घेतली, त्याचं तोंड बंद झाल्याबरोबर त्याच गोष्टीतलं मेंढरू करून टाकलं, आणि खांद्यावर घालायला मी मदत केली. तिथून ती गोष्ट वाढत गेली. पहिल्या रविवारी मास्तरांनी हात जोडले होते. दुसऱ्या रविवारी डोळ्यांत पाणी आलं. आता मोबाईलवर जो व्हिडिओ फिरतोय त्यात ते माझा हात धरून क्षमा मागतात. मालाची तारीफ कशी फुगत जाते हे मला कुणी शिकवायला नको.

पाळकसाहेब, तुमच्याशी माझं भांडण विश्वासावरून नाही. मी आजही विश्वास ठेवतो. मास्तरांना उत्तर देण्यासाठी जेवढं शास्त्र मी वाचलं तेवढं तुमच्या कमिटीनं वाचलं नसेल. मला एवढंच दाखवा, की मेंढरानं आधी काही कबूल केलं आणि मग त्याला उचललं, असं त्या दृष्टांतात कुठं आहे? मेंढपाळानं भाव केला नाही. भाव तुम्ही केलात, आणि मी केला. मास्तर नास्तिक होते, पण त्यांनी ती गोष्ट तुमच्यापेक्षा नीट वाचली होती. माझं हे म्हणणंही त्यांनी मानलं नसतं, ते वेगळं. म्हणून आज मी माझ्या आयुष्यातला पहिला सौदा मोडतोय, आणि चारचौघांत मोडतोय. मास्तर पश्चात्ताप न करता गेले. त्यांनी मला विचारलं, "आज बाजार कसा?" मी म्हणालो, "पडला." ते म्हणाले, "तरी तू फायद्यातच असशील." मग त्यांनी खिडकीकडे तोंड केलं. बस, एवढंच.

इथपर्यंतचं लिहून छापायला देण्याआधी मी वैनींकडे गेलो, कारण सगळ्यात जास्त फसवलं होतं ते त्यांना. त्या न चुकता चर्चला जाणाऱ्या. दफन झाल्यावर आठवड्यानं त्यांनी मला विचारलं होतं, "खरंच का भाऊजी? मी पाणी तापवायला गेलते तेवढ्यात?" तेव्हा मी नुसती मान हलवली होती. आता ओसरीवर उभा राहून सगळं मोठ्यानं वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. हात थांबला नाही. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "म्हंजी देवाचं काहीच बोलले न्हाईत."

"न्हाई."

त्यांनी सुपातला एक खडा वेचून बाहेर टाकला. मग म्हणाल्या, "आन् माझं?"

एक शब्द माझ्या तोंडात तयार होता. पाळकसाहेबांना दिला तसलाच, तेवढाच लहान. समोर काय हवंय ते तर आंधळ्यालाही दिसलं असतं. मी म्हणालो, "न्हाई, वैनी."

त्या उठल्या. ओसरीवर मास्तरांची लोखंडी खुर्ची होती. दोन महिने येणारा-जाणारा तिच्यावर बसून वैनींना देवाची करणी सांगून जात होता. वैनींनी ती पदरानं पुसली, दोन्ही हातांनी उचलली आणि आत नेली. दार उघडंच होतं. मी पायरीवर थोडा वेळ थांबलो. बसा असं मला कुणी म्हणालं नाही.