नारायण मास्तरांचा पट्टा

नारायण मास्तर कोटावरून पट्टा बांधत. लढाईच्या वेळी पलटणीत कारकुनी करून आलेला माणूस. खाली धोतर, वर बंद गळ्याचा कोट आणि त्यावर पितळी बकलाचा रुंद पट्टा. भोरात असा अवतार दुसरा नव्हता.

मी वेल्ह्याकडचा. छडीला भिऊन शाळेतून एकदा घरी पळालो होतो. वडिलांनी परत आणून सोडलं, पण बजावलं, "आता पळालास तर म्या आणायचा न्हाई. गुरं राखायची." आणि इंग्रजीच्या पहिल्याच तासाला हे मास्तर आत आले ते पट्टा सोडतच. माझी पाचावर धारण बसली. दप्तर उचलून दाराकडं सटकलो.

"कुठं निघालास?"

"गुरांकडं," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

वर्ग हसला. मास्तर हसले नाहीत. पट्टा पुन्हा नीट लावून म्हणाले, "जा. पण जाताना एवढा सोडून दे."

मी बकलाला हिसडे देत बसलो.

"अरे, ओढतोस काय असा? सोडायच्या आधी जरा आवळावं लागतं." त्यांनी पोट आत घेतलं. मी टोक आवळलं, काटा भोकातून निसटला आणि पट्टा माझ्या हातात आला. "ह्याला म्हणतात अनबकल. ठेव टेबलावर. दिवसभर जीव जातो त्यात." भीती गेली असं म्हणणार नाही, पण दप्तर खाली ठेवलं.

मग ते रंगात आले. "रोमन शिपायाच्या शिरस्त्राणाचा पट्टा गालावरून जायचा. गालाला त्यांचा शब्द बुक्का, म्हणून तो बुक्कुला. फ्रेंचांच्या तोंडी त्याचं बोकल झालं, इंग्रजांनी बकल केलं. लढून दमलेला शिपाई घरी आला की पहिलं काम, अनबकल. आपण गाठ सोडतो, कुलूप उघडतो, गुंडी काढतो. साहेब आळशी, सगळ्याला नुसतं 'अन' लावतो."

पुढं रोज तासाला पट्टा सोडायची पाळी ठरली. तो कुणाच्या पाठीवर कधी पडला नाही. मी शिकलो आणि किकवीच्या शाळेत मास्तर झालो, तो त्या पट्ट्यामुळंच.

मास्तर अचानक गेले. शाळेतून येऊन ओसरीवर टेकले ते तसेच, कोट-पट्ट्यासकट. मी पोचलो तेव्हा आंघोळ घालायची तयारी चालली होती. पट्टा पोटावर घट्ट बसलेला, बकल कुणाच्यानं सुटेना. कुणीतरी म्हणालं, "कापा की, आता कुणाला बांधायचाय?" माझं डोकंच फिरलं. त्याला बाजूला सारून खाली बसलो.

टोक हातात धरलं, पण आवळवेना. त्यांना लागेल असं वाटत राहिलं. वेड्यासारखा मी त्यांच्या पोटाकडं बघत थांबलो, ते आत घेतील म्हणून.

मग मीच आवळलं, आणि काटा सुटला.