पाणी येतं तिथले ठिपके

आज मी जो काही आहे तो मगदूम सरांमुळे. त्यांना जाऊन महिना झाला. पदवी घेऊन नेसरीहून कोल्हापुरात आलो तेव्हा आमच्या घरात माझ्याआधी कुणी एवढं शिकलेलं नव्हतं, आणि त्या पदवीचं पुढं करायचं काय हे सांगणारंही कुणी नव्हतं. सरांनी त्यांच्या नकाशांच्या लहानशा कार्यालयात मला संगणकापुढं बसवलं आणि पहिला प्रश्न विचारला, "जेवलास का?" कामाचं नंतर.

ड्रोननं जमीन मोजली की उंचीचे लाखो ठिपके मिळतात. ते इतके दाट असतात की पडद्यावर नुसता काळा डाग दिसतो, संगणक अडून बसतो. म्हणून ते विरळ करायचे. सॉफ्टवेअर सगळीकडे सारखं अंतर ठेवून बाकीचे टाकून देतं. सरांना ते चालत नसे. सपाट उसाच्या रानातले ठिपके ते खुशाल कमी करायला लावत. पण बांधाची कड किंवा ओढ्याचा उतार आला की माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहत. "इथं जमीन वळतीय. इथलं राहू दे..."

पंचगंगेकाठच्या एका वस्तीचा पूरनकाशा करत होतो. वस्तीमागं चिंचोळी सखल पट्टी होती. पाणी आधी तिथूनच घरांत शिरणार. ठिपके सरसकट विरळ केले की ती पट्टी नाहीशी व्हायची आणि वस्ती सुरक्षित दिसायची. तिथल्या दत्तूअण्णांना तेच हवं होतं. घर पूररेषेत गेलं तर पोराला वरचा मजला बांधू देणार नाहीत, ही त्यांची काळजी. ते तावातावानं कार्यालयात आले.

"साहेब, एवढं ठिपकं हायती. आमच्या मागचं चार काढलं तर कुणाला कळतंय?"

"पाण्याला कळतंय की, पावणं."

"म्हंजे घर बुडवलंसा आमचं!"

"बुडू नये म्हणूनच ठेवलंय."

अण्णा पाय आपटत गेले. सर माझ्या खुर्चीमागं येऊन उभे राहिले. "त्याचंबी खोटं न्हाय रे..." एवढंच म्हणाले. पण ठिपके काढले नाहीत. नकाशा तसाच सरकारी कचेरीत गेला.

यंदा पूर आला तेव्हा सर अंथरुणाला खिळलेले होते. मोबाइलवरचं वाचणं त्यांना जमत नव्हतं आणि रविवारपर्यंत मला त्यांच्याकडं जाता येणार नव्हतं, म्हणून मी पत्र पाठवलं. ते शुक्रवारी पोचलं. काकूंनी वाचून दाखवलं; सरांनी पुन्हा वाचायला लावलं. शनिवारी सर गेले. पत्र असं होतं:

"आदरणीय सर, शिरसाष्टांग नमस्कार. पाणी त्या पट्टीतूनच आलं. नकाशा बघून ती वस्ती सगळ्यांत आधी हलवली होती, जनावरंसुद्धा. सगळी माणसं सुखरूप आहेत. दत्तूअण्णांनी तुमचं घर कुठं म्हणून विचारलं. भांडायला जाताय की भेटायला, असं मी विचारलं, तर म्हणाले, 'दोन्हीला.' रविवारी त्यांना घेऊन येतो.

आपला,
संभाजी"