धुवारीतला निवाडा

वर्ध्याला गाडी बदलली तेव्हा नुकते उजाडले होते, पण उजाडून उपयोग काय! खिडकीबाहेर काही नव्हतेच. शेते नाहीत, झाडे नाहीत, नुसता दुधाळ पांढरा पडदा. "धुवारी (धुके) हाये बाई," शेजारची म्हातारी म्हणाली. "नऊ वाजेलोग असीच राह्यते." हिंगणघाटला उतरून टांग्यात बसले तेव्हा तो पडदा जरा विरला आणि रस्त्याकडेच्या बाभळींवर कापसाचे पुंजके लटकलेले दिसले. जाणाऱ्या बंड्यांतून (बैलगाड्यांतून) काट्यांनी ओढून घेतलेले. तारांवर कापूस, कौलांवर कापूस, एका झोपलेल्या कुत्र्याच्या पाठीवरही कापूस. आपण अजून गाडीतच झोपलो आहोत, असे मला वाटत राहिले.

आणीबाणी उठून वर्ष होत आले होते. नगरच्या आमच्या शाळेला नाताळची सुट्टी होती, पण मी, तिथली शिक्षिका, काही हौसेने निघाले नव्हते. माझा थोरला भाऊ तिथल्या कापूस-यार्डात ग्रेडर, म्हणजे आलेल्या कापसाची प्रत ठरवणारा. वहिनीचे पत्र आले होते: "हे दोन वर्षे प्रभुभोजन (चर्चमधली भाकरी आणि द्राक्षरस) घेत नाहीत. तुम्ही बोलण्यात पटाईत, तुमचे ऐकतील." आपल्या चर्चची रीत, आपल्या शाळेचा हा अंक वाचणाऱ्या तुम्हाला ठाऊक आहे. ज्याने कुणाला दुखवले असेल त्याने आधी जाऊन समेट करावा; तोवर भाकरीचे ताट समोर आले की न घेता शेजाऱ्याकडे द्यावे. दादा दोन वर्षे ताट पुढे देत होता.

वहिनीने सोल्यांची (ओल्या तुरीच्या दाण्यांची) झणझणीत भाजी आणि ज्वारीची भाकरी वाढली. नाकातून पाणी वाहत असतानाच मी उपदेशाला सुरुवात केली. दादाने ऐकून घेतले आणि मग कारण सांगितले.

दोन वर्षांपूर्वीच्या अशाच एका सकाळी अनुसयाबाई नावाची एक शेतकरीण बंडी घेऊन आली होती. नवरा आजारी, म्हणून स्वतःच आलेली. ग्रेडरने कापसात कोपरापर्यंत हात घालायचा, खालचा कापूस मूठभर उपसून पाहायचा, हा कामाचा पहिला नियम. वजन वाढावे म्हणून काही लोक पाणी मारतात, ते आतल्या कापसावरून कळते. त्या दिवशी नाताळच्या गाण्यांची तालीम होती, दादाला घाई. त्याने वरवर हात फिरवला, तो ओला लागला. "पाणी मारून आणलंस. परत ने," तो दहा-बारा बंडीवाल्यांसमोर मोठ्याने म्हणाला.  ती बैल वळवून निघून गेली.

"तालमीला जाताना माझा सदरा पिळून पाणी निघेल इतका ओला होता," दादा म्हणाला. "धुक्याने. तेव्हाच कळलं. तरी मी जाऊन गाणी म्हटली."

"अरे, मग देवाने केव्हाच क्षमा केली असेल," मी म्हणाले. "ख्रिस्ताने सोसलं ते कुणासाठी?"

"करील गं क्षमा. पण त्याच्यासमोर उभा राहीन तेव्हा तो विचारील, तिच्याकडे गेला होतास का? तिथे माझ्या वतीने तू बोलणार आहेस का?"

भाऊ माझा, पण असा राग आला मला त्याचा! देवाला एवढा कडक करून ठेवणारी माणसे मला आवडत नाहीत. "मग जा ना एकदाचा!" मी ओरडले. तो खाली बघत म्हणाला, "एकट्याची छाती होत नाही." दोन वर्षे हा माणूस भीत होता, आणि ते सांगायलाही भीत होता. माझा राग तिथेच वितळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघे वणा नदी ओलांडून निघालो. धुवारीत नदी दिसतच नव्हती, नुसता खळखळाट. पलीकडे काळ्या मातीने माझी एक चप्पल गिळली ती कायमची. एका पायाने अनवाणी, लंगडत मी शेतात शिरले. पांढऱ्या धुक्यात पांढरी बोंडे, आणि मधे ओटी बांधून वेचणारी एक बाई तरंगत आल्यासारखी पुढे आली.

"तुमीच ना ते कापसाचे सायब?" ती म्हणाली.

दादाने टोपी काढली. "त्या दिवशी मी आत हात घातलाच नव्हता, बाई. तुमचा कापूस चांगला होता. माझं चुकलं. मला देवापुढे याचा जबाब द्यायचा आहे."

तिचे हात थांबले नाहीत. दोन झाडे वेचून झाल्यावर ती म्हणाली, "हे मले काऊन सांगून राह्यले? मले त मालूमच हाये. तुमच्या देवालेबी मालूम असन. ज्यायले मालूम नाई त्यायले सांगा ना."

मग तिने बांधावर बसवून आम्हाला उकडलेल्या तुरीच्या शेंगा दिल्या, माझ्या पायाकडे बघून पोटभर हसली, आणि क्षमेबद्दल चकार शब्द काढला नाही.

परतताना मी म्हणाले, "यार्डात बोललास तर उद्यापासून प्रत्येक बंडीवाला तुझ्याशी हुज्जत घालील. तुझे वरचे साहेब तुला नोकरीवर ठेवतील का?" दादाने टोपी घातली आणि तो पुढे चालू लागला.

शनिवारी तो यार्डात एका रिकाम्या बंडीवर चढला. उन्हे नुकतीच आली होती आणि हवेत कापसाची तंतुधूळ सावकाश तरंगत होती. त्याने अनुसयाबाईचे नाव आणि गाव घेतले आणि झाले ते सगळे सांगितले.  माझे डोळे भरून आले. मग कुणीतरी ओरडले, "मंग माह्या बंडीतबी पुन्हा पाहा, सायब!" दुसरा म्हणाला, "कोपरालोग घाला!" हशा पिकला. वरच्या साहेबांनी दादाला आत बोलावून चांगले फैलावर घेतले. पण तिच्या गावचे दोघेजण गर्दीत होते. "सांगतो तिले," एवढेच म्हणून त्यांनी बैल जुंपले. दादाने त्या दिवशी एकूणएक बंडीत कोपरापर्यंत हात घातला. दुपारपर्यंत त्याचा हात सोलवटला होता.

रविवारी चर्चमध्ये ताट आले. दादाने भाकरीचा तुकडा घेतला, डोळे मिटले आणि ताट माझ्याकडे दिले. मी ते हातात धरले. धरूनच राहिले. मग शेजारच्या बाईंकडे दिले. दादाने चमकून पाहिले. 

परतीच्या गाडीत मी डोळे मिटून बसले होते. मिटल्या डोळ्यांपुढे सगळे पांढरेच होते, आणि त्या पांढऱ्यात आमच्या शाळेत पूर्वी शिवण शिकवणाऱ्या सुलभाबाई उभ्या होत्या. नगरला उतरल्यावर घरी न जाता मी तडक त्यांच्याकडे गेले. त्यांनी दार उघडले, माझे सगळे ऐकले, आणि दार लावून घेतले. त्यांना ठाऊकच होते. देवालाही.

ठाऊक नाही ते तुम्हा वाचकांना. तुमच्यातले पुष्कळजण त्या दिवशी शाळेत शिक्षकांच्या खोलीत होते. सुलभाबाईंनी मुलींना पेपर आधीच सांगितला, असे मी सर्वांदेखत म्हणाले होते. ते ऐकीव होते आणि खोटे होते. महिन्याभराने मला ते कळले. तोवर त्या शाळा सोडून गेल्या होत्या, आणि मी गप्प बसले.