सोळाच्या जागी आठ

१८ फेब्रुवारी. काम एकच: हळद शिजवायच्या बॉयलरचा इलेक्ट्रॉनिक बोर्ड तयार करून चार वाजेपर्यंत चाचांच्या हातात द्यायचा.

चाचा आखाडा बाळापुरात बॉयलर बनवतात. ड्रममध्ये ओली हळद भरायची, वाफ सोडायची आणि पंचवीस मिनिटांनी बंद करायची. बंद करायला आजवर माणूस असतो, आणि माणूस गप्पांत रमतो. हळद जास्त शिजली की लिबलिबीत होते, वाळल्यावर रंग काळपट येतो. ते काम माझ्या बोर्डाने करावं म्हणून दोन हंगाम मी चाचांच्या मागे होते. यंदा त्यांनी एका बॉयलरपुरतं कबूल केलं, तेही बजावून: पहिला ड्रम बिघडला तर हा विषय पुन्हा काढायचा नाही. तो ड्रम दुसऱ्या दिवशी सकाळी शिरड शहापूरच्या एका शेतात लागणार होता.

आमचं मोटार वायंडिंगचं दुकान. मागच्या खोलीत माझं टेबल. बोर्डावरच्या छोट्या चिपला तीन कामं एकदमच सांभाळायची असतात: तापमान बघणं, वेळ मोजणं, वाफेचा व्हॉल्व्ह बंद करणं. त्यासाठी तिच्यात एक रिअल-टाइम ऑपरेटिंग सिस्टीम घालते. बिल्ड करण्याआधी, म्हणजे चिपमध्ये घालायचा प्रोग्राम तयार करण्याआधी, एक फाइल भरावी लागते. चिप कोणती, तिचा वेग किती, कुठल्या कामाला किती मेमरी. गेल्या वर्षीची फाइल चालत होती, तीच उचलली.

बिल्ड झालं. स्क्रीनवर बोर्डाचे मेसेज यायला हवे होते, आली ती नुसती कचरा अक्षरं. केबल जुनी, दोनदा उंदरांनी कुरतडून जोडलेली. मी केबलला शिव्या दिल्या आणि सेटिंगमध्ये जाऊन मेसेजच बंद करून टाकले. मग चाचणीपुरता व्हॉल्व्हच्या जागी दिवा जोडला आणि मिनिटांचे सेकंद केले. दिवा लागला, थोड्या वेळाने विझला. घड्याळाकडे मी पाहिलंही नाही. पुन्हा मिनिटं लावली आणि बोर्ड चाचांकडे पाठवला.

साडेपाचच्या सुमारास चाचा ट्रॅक्टर घेऊन दुकानासमोर थांबले. मागे बॉयलर जोडलेला, निघालेच होते. खाली न उतरता म्हणाले, "ताई, तुमचं डबडं सुस्त हाय. दिवा जोडून चालू केलं. असरची, दुपारनंतरची नमाज पढलो, चहा पिलो, परत आलो तरी दिवा जळूनच राहिला."

"चाचा, आज नमाज घाईत झाली असंल."

"चाळीस वर्सं झाली, त्याच मशिदीत तेवढाच टाइम लागून राहिला. घाई तुमालाच दिसते."

ट्रॅक्टर गेला. मी दुकानामागच्या घरात येऊन कणीक मळायला घेतली. पहिली पोळी करपली, दुसरी कच्ची राहिली. नवऱ्याने विचारलं काय झालं, तर त्याच्यावरच खेकसले. तवा उतरवून टेबलापाशी गेले, वायर गुंडाळल्या, पुन्हा सोडल्या. बसवत नव्हतं. शेवटी केबल काढून जुन्या बोर्डाला लावली. स्वच्छ अक्षरं आली. म्हणजे केबलचा दोष नव्हताच.

चिपला ठोका देणारा क्रिस्टल बोर्डावर असतो. मागच्या वर्षीच्या बोर्डांवर सोळा मेगाहर्ट्झचा होता. दिवाळीनंतर सोळाचा मिळेना म्हणून नव्या बोर्डांवर मीच आठचा बसवला होता, आणि फाइलमध्ये सोळाच राहिला. चिप अर्ध्या वेगाने चालत होती. पंचवीस मिनिटांची पन्नास झाली होती. कचरा अक्षरंही त्यामुळेच येत होती; बोर्डाने तेच ओरडून सांगितलं, तर मी त्याचं तोंड बंद केलं.

चाचांना फोन लावला. चूक माझी आहे, मी येईपर्यंत बोर्ड लावू नका, म्हटलं.

"बोर्ड थांबंल, शेतवाले थांबत न्हाईत. सातला पहिला ड्रम. तवर आल्या तर ठीक, न्हाई तर हळद टोचून बघायची आमची काडी हाय."

सोळाच्या जागी आठ लिहिलं. मेसेज चालू केले. दुसऱ्या नव्या बोर्डात भरून भिंतीवरच्या घड्याळासमोर बसले, पूर्ण पंचवीस मिनिटं, मध्ये एकदाही न उठता. दिवा वेळेवर विझला. तरी झोप धड लागली नाही.

सकाळी पावणेसातला मी स्कूटीवर लॅपटॉप बांधून शेतात पोचले. हळद ड्रममध्ये भरून झाली होती. बॉयलरवरच्या बोर्डात दुरुस्त प्रोग्राम चढवायला मिनिटही लागलं नाही. शेतमालक आणि कामाच्या बायका बघत होत्या, त्यांच्यासमोरच चाचांना म्हटलं, "तुमची नमाज बराबर होती." चाचांनी वाफ सोडली. पंचवीस मिनिटांनी व्हॉल्व्ह आपोआप बंद झाला. तरी चाचांनी झाकण उघडून हळकुंडात काडी टोचली, ती अलगद आत गेली, बाहेर काढून बघितली, आणि बायकांना ड्रम ओतायला सांगितलं.

मी दुसऱ्या ड्रमची वेळ लावली.