छातीवरचा क्रम

माझी आई मेडलं शिवते. मेडलं कुणी शिवत नाही हे मलाही कळतं. पण हवाईदलाच्या तळाच्या फाटकासमोर आमचं जे वीतभर दुकान आहे, तिथं येणारा प्रत्येक जण "मेडलं शिवून द्या" असंच म्हणतो. बक्रमची कडक पट्टी कापायची, तिच्यावर गणवेशाच्या रंगाचं कापड चढवायचं, प्रत्येक मेडलची फीत इस्त्री करून घडी घालायची, आणि सगळी मेडलं खालून एका रेषेत येतील अशी टाचायची. पाचापेक्षा जास्त असली तर एकावर एक जरा चढवायची. मागे दोन दणकट पिना.

आणि क्रम. सगळ्यांत मानाचं मेडल शर्टाच्या बटणांशी, मग उतरत्या मानानं बाहीच्या दिशेला. सगळ्यांत शेवटी ते, जे युद्धाच्या काळात तळावर हजर असलेल्या प्रत्येकाला मिळतं, अगदी स्वयंपाक्याला आणि न्हाव्यालासुद्धा. हा क्रम आईला झोपेतून उठवून विचारला तरी सांगेल. एका अधिकाऱ्यानं एकदा न मिळालेलं एक मेडल "दिसायला बरं" म्हणून मधे घुसवायला सांगितलं होतं. आईनं डबी त्याच्या हातात परत दिली आणि बाजारात पितळेची बटणं स्वस्त मिळतात, ती लावा, असं सांगितलं. तो महिनाभर फाटकाच्या दुसऱ्या बाजूनं जात होता.

आई गोड बोलत नाही. मीही बोलत नाही. गिऱ्हाइकं म्हणतात, लेकीनं आईची फक्त जीभ घेतली, हात घ्यायचे राहिले. खरं आहे. माझ्या हातची फीत अजूनही वाकडी जाते.

आईला या धंद्यात आणलं ते मामाच्या एका मेडलनं. मामा, म्हणजे आईचा धाकटा भाऊ, वैमानिक होता. युद्धाच्या पाचव्या दिवशी गेला तेव्हा मी दोन वर्षांची होते, त्यामुळे त्याचं मला काहीच आठवत नाही. जे आहे ते आईचं आहे. सरकारकडून घरी एक पाकीट आलं, त्यात ते सगळ्यांना मिळणारं मेडल, फितीचा तुकडा आणि एक छापील कागद. आजीनं ते फीत न लावताच कपाटात टाकलं. आईनं काढलं, एका म्हाताऱ्या शिंप्याकडे नेलं, आणि त्यानं ते कसं टाचलं हे बघता बघता शिकली.

त्या लढाईत आणखी दोन वैमानिक गेले. दोघांनाही शौर्याचं पदक मिळालं. मामाला नाही. शिफारस लिहायचं काम त्यांच्या तुकडीच्या प्रमुखाचं होतं. त्यांना आम्ही घरात मोठे साहेब म्हणतो, आणि ते आदरानं नाही. आजीनं त्यांना पत्र लिहिलं. उत्तर दोन ओळींचं आलं: शिफारस करण्याजोगं काही नोंदीत आढळत नाही, कुटुंबाच्या दुःखात सहभागी आहे. आजी त्या दोन ओळी घेऊन सात वर्षं जगली आणि गेली. शिफारसच नाही, म्हणजे आपला मुलगा भित्रा होता की काय, याचं उत्तर तिला कुणी दिलंच नाही.

ते दिलं एका फिटरनं. विमानांची इंजिनं बघणारा साधा माणूस, निवृत्तीच्या वेळी आपली तीन मेडलं शिवायला आला. भिंतीवरचा मामाचा फोटो बघून तो खुर्चीत बसला तो उठेना. युद्धाच्या चौथ्या दिवशी मामा अर्ध्या वाटेवरून परत आला होता. तेलाचा दाब पडतोय, असं त्यानं उतरल्यावर सांगितलं. संध्याकाळी सगळे वैमानिक बसलेले असताना मोठे साहेब मामाच्या खुर्चीमागे उभे राहिले आणि म्हणाले, ज्यांना घरी जायचंय त्यांनी आत्ताच सांगावं. कुणी हसलं म्हणे. फिटरनं रात्रीच ते इंजिन उघडलं. तेलाची नळी फुटलेली होती. त्यानं रिपोर्ट लिहून दिला. पण पहाटे मामा दुसऱ्या विमानातून गेला, बाकीचे शत्रूच्या पुलावर बॉम्ब टाकून एका फेरीत वळले तरी हा दुसऱ्यांदा त्याच पुलावर गेला, आणि परत आला नाही.

मोठ्या साहेबांना त्या हल्ल्यासाठी शौर्यपदक मिळालं. वर्षभरानं आणखी एक मिळालं, उत्तम नेतृत्वाचं. त्याच्या मानपत्रात लिहिलंय की कठीण काळात त्यांनी तुकडीचं मनोधैर्य टिकवलं. मानपत्र आईनं कुठून तरी मिळवलं होतं. मी ते वाचलं तेव्हा माझं डोकं फिरलं, आणि अजून ते जागेवर आलेलं नाही.

निवृत्त झाल्यावर हा माणूस राहायला आमच्याच गावात आला. मेडलं शिवायला दुसरं दुकान नाही, म्हणून आमच्याकडेच. आईचं आडनाव लग्नानंतरचं, त्यामुळे त्याला काही कळलं नाही. पहिल्यांदा आला तेव्हा मी फोटो उतरवून आत ठेवला. आई मला म्हणाली, काम आलंय ते करायचं. तिनं ते केलं, नेहमीसारखंच, एकही टाका सैल नाही. त्या दिवशी मी तिच्याशी बोलले नाही. दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच झालं. मला वाटायचं, आईला राग येतो तो फक्त फितीचा.

मग या वर्षी तळावर युद्धातल्या लोकांच्या स्मारकाची भिंत उभी राहिली. एकतीस वर्षांनी. तिच्यावर नावं दोन रांगांत: वर पदकवाले, खाली बाकीचे. उद्घाटनाला मोठे साहेब. त्यांनी नोकराबरोबर डबी पाठवली, नव्या कोटाला नवी पट्टी हवी होती.

आईनं या वेळी मला इस्त्रीसुद्धा करू दिली नाही. काम झाल्यावर मी पट्टी उचलून बघितली. सगळ्यांना मिळणारं मेडल बटणांच्या बाजूला, पहिलं. शौर्यपदक मधे कुठेतरी. नेतृत्वाचं पार शेवटी, बाहीखाली जाईल असं. फाटकातल्या पहारेकऱ्यालाही कळलं असतं. शंभर अधिकाऱ्यांसमोर हा माणूस छातीवर चूक मिरवत उभा राहणार होता. मला इतका आनंद कित्येक वर्षांत झाला नव्हता, आणि तो मी लपवला नाही. आईला म्हटलं, कागदात गुंडाळ आणि दे, त्याची नजर आता अधू झालीय, त्याला दिसायचंसुद्धा नाही.

पट्टी न्यायला मात्र साहेब स्वतः आले. बहात्तर वर्षांचे, काठी टेकत. त्यांनी ती हातात घेतली आणि अंगठा एका टोकापासून फिरवायला लागले. पहिल्याच मेडलवर थांबले.

"हे चुकून झालं?" त्यांनी विचारलं.

"नाही," आई म्हणाली. मग तिनं आपल्या भावाचं नाव सांगितलं.

साहेब स्टुलावर बसले. मी पाणी विचारलं नाही. मग आईनं नळीचं विचारलं, रिपोर्ट मिळाला होता का.

"मिळाला. दुसऱ्या दिवशी. तोवर तो गेला होता."

"मग शिफारस का नाही लिहिली?"

"लिहिली असती तर तो दुसऱ्यांदा त्या पुलावर का गेला, हेही लिहावं लागलं असतं." ते सावकाश उठले. "राहू दे असंच. त्याच्याकडे हे एकच होतं ना. मी असंच लावून जातो."

मी आईकडे बघितलं. मला वाटलं, झालं, हा शहाणा आता आमची शिक्षासुद्धा स्वतःहून घेऊन चालला, म्हणजे मोठेपणा परत त्याचाच. आईलाही तेच वाटलं असणार, कारण तिनं पट्टी त्यांच्या हातातून ओढून घेतली, ब्लेड उचललं आणि एकेक टाका उसवायला लागली.

"इतक्यावर सुटायचं नाही तुम्ही," ती म्हणाली. "मेडलं जिथल्या तिथं लावून देते. तुमची आहेत, तुम्ही घाला. आणि तिथं माईकवर उभं राहून जे आत्ता मला सांगितलंत ते सगळ्यांना सांगा. माझी आई भित्र्याची आई म्हणून मेली."

दीड तास तो माणूस स्टुलावर बसून राहिला. आईनं सगळं पुन्हा टाचलं, बरोबर क्रमानं. जाताना त्यांनी सांगेन म्हणून मान हलवली. ते गेल्यावर मी आईशी कडाकडा भांडले. हातात आलेला सूड तिनं एका शब्दावर सोडून दिला होता, आणि शब्द कुणाचा तर त्याचा. तो सांगणार नाही, अशी पैज लावायला मी तयार होते.

ती पैज मी हरले असते. समारंभाला आम्हाला मागच्या रांगेत जागा मिळाली. साहेब बोलायला उभे राहिले, सात मेडलं उन्हात लखलखत होती. सुरुवातीला तुकडीबद्दल बोलले. मग थांबले, आणि मामाचं नाव घेतलं. म्हणाले, विमान खरोखर नादुरुस्त होतं, मी त्याला सगळ्यांसमोर भित्रा ठरवलं, आणि तो दुसऱ्या दिवशी ते खोटं ठरवायला गेला. खरं कळल्यावरही मी एकतीस वर्षं गप्प बसलो. त्याचं नाव वरच्या रांगेत हवं होतं. एवढं सगळं सांगितलं, एकही शब्द न गाळता. आईनं माझं मनगट घट्ट धरलं होतं. मीही रडत होते, ते मान्य करते.

मग पुढच्या रांगेतला कुणीतरी उभा राहिला आणि टाळ्या वाजवायला लागला. मग दुसरा, मग सगळे. अधिकारी उभे, त्यांच्या बायका उभ्या. एका तरुण अधिकाऱ्यानं साहेबांना कडक सलाम ठोकला. साहेबांनी हात वर करून नको नको अशी खूण केली, तशा टाळ्या आणखी वाढल्या. भिंतीकडे कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. खालच्या रांगेत मामाचं नाव तिथंच होतं.

आई बसूनच होती. शेजारच्या एका बाईंनी डोळे पुसत तिला कोपरानं डिवचलं.

"वाजवा की हो टाळ्या. एवढं कबूल करायला केवढं मोठं मन लागतं."

"मेला तो माझा भाऊ होता," आई म्हणाली.

बाईंनी तिच्याकडे पाहिलं, ओशाळून हसल्या, आणि पुन्हा स्टेजकडे तोंड करून टाळ्या वाजवत राहिल्या.